बैठकीखालचं बाड

"अक्का, उठता का जरा?"

दस्तगीरमामा स्टोअरच्या दारात उभे होते. हात कोपरापर्यंत ओले. डाव्या हातात रबराचं फाटलेलं सील मेलेल्या गांडुळासारखं लोंबत होतं; उजव्या हातात दुसरं, कोरं, पिशवीतून नुकतं काढलेलं.

मी उठले नाही. "काय झालं ते सांगा आधी," म्हटलं.

"म्हैस बंद हाय."

म्हैस म्हणजे आमचा पंप. गडहिंग्लजच्या अलीकडे आमचं दूध थंड करायचं केंद्र होतं. पस्तीस गावांचं दूध सकाळी टेम्पोतून यायचं, कॅनमधून हौदात पडायचं आणि हौदातून हा पंप ते थंड करायच्या यंत्रात ढकलायचा. चालू असला की हंबरायचा, म्हणून म्हैस. तिच्या जोडीला एक लहान पंप होता, त्याचं नाव रेडकू. ते रेडकू दोन दिवसांपूर्वीच जळलेली मोटर भरून घ्यायला संकेश्वरला गेलं होतं.

"जुनं सील गळत हुतं म्हणून पहाटे खोलली," मामा म्हणाले. "जुनं काढताना फाटलं. नवं बसंना. सैल पडतंय. करंगळी जाईल एवढी फट."

"नवं म्हणजे टॅबवरून मागवलेलं?"

"व्हय."

दोघंही माझ्या खुर्चीकडे बघायचं टाळत होतो. बाहेर चौथा टेम्पो आला, कॅन आदळल्याचा आवाज झाला. चैत्राचे दिवस, साडेआठलाच पत्रा तापायला लागलेला. अकरापर्यंत दूध थंड झालं नाही तर नासणार, हे केंद्रातल्या मांजरालाही ठाऊक होतं.

"मामा," मी हळूच म्हटलं, "साहेब आलेत. गाडी बघितली मी."

"बघितली की मी पन," मामा म्हणाले, आणि दारातच उभे राहिले.

त्या खुर्चीचं सांगायलाच हवं. लोखंडी खुर्ची, बैठक खचलेली, आणि मी मुळात बुटकी. बसले की टेबल हनुवटीला टेकायचं. या स्टोअरमध्ये मी झाडायला म्हणून आले, सातवी पास. दुपारी काम नसे, म्हणून तिथला लाल पुठ्ठ्याचा कॅटलॉग उघडून बसायची. अकराशे पानं. जगातला प्रत्येक नट, पट्टा, बेअरिंग, सील, आणि त्याच्याखाली इंग्रजी नाव. लोकांची पोरं ए फॉर ॲपल शिकली, मी ए फॉर ॲडॉप्टर शिकले. पाच वर्षांत झाडणारीची स्टोअरवाली झाले. कागदावर मात्र रोजंदारीच.

मेंटेनन्सची माणसं त्याला लाल बाड म्हणायची. दस्तगीर मुजावर तिथले सगळ्यात जुने फिटर. शाळेचं तोंड बघितलेलं नाही; आकडे ओळखायचे, अक्षरं नाही. पण त्या बाडात सिलांची पानं खऱ्या मापाची छापलेली होती. वस्तू पानावर ठेवायची, रेघेवर रेघ आली की तीच मागवायची. आणि एखादं सील बसलं, चाललं, महिनाभर गळलं नाही, की मामा त्या चित्राशेजारी पेन्सिलीनं खूण करायचे. बॉयलरला चिलीम. रेडकाला एक शिंग. म्हशीला दोन.

"काढलेलं सील कधी मापायचं न्हाई, अक्का," ते सांगायचे. "गरम पान्यानं फुगतंय त्ये. काढलेलं खोटं बोलतंय. खूण बघायची, खूण."

दर दोन-तीन वर्षांनी नवं बाड यायचं, पण मामांच्या खुणा जुन्यात. म्हणून ते जुनं हरवू नये अशी एकच जागा सापडली: माझी बैठक. गोणपाटात गुंडाळून माझ्याखाली. माझी उंची चार बोटं वाढली, बाडाला राखणदार मिळाला. मामांना लागलं की दारातून हाक यायची, "अक्का, उठता का जरा?" दिवसातून दहा वेळा. माझ्या गुडघ्यांना तेवढाच व्यायाम.

मग हर्डीकर साहेब आले. तिशीतले, पुण्याकडचे. वाईट नव्हते, घाईत होते. त्यांनी टॅब आणला. त्यात लाखभर वस्तू, बोट लावलं की मागणी गेली, चौथ्या दिवशी माल दारात. चिठ्ठी नको, शिक्का नको. "छापलेला कॅटलॉग दुकानात येईपर्यंत शिळा होतो, मंदाताई," ते म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. तीन पोती कॅटलॉग रद्दीत गेले. मग त्यांनी माझ्यापुढे एक कागद ठेवला: स्टोअरमध्ये एकही छापील कॅटलॉग शिल्लक नाही. खाली माझी सही हवी होती. त्याच लिफाफ्यातून दुसरा कागद वर जाणार होता, मला कायम करायचा. अकरा वर्षं ज्याची वाट बघितली तो. महिनाभर सगळी मागणी टॅबवरून गेली, की शिक्का.

मी सही केली. बाडावर बसून केली.

संध्याकाळी मामांना म्हटलं, "मामा, आता बाडाचं नाव काढायचं नाही. मला कायम होऊ दे."

"न्हाई काढत," मामा म्हणाले. "तुमचं हू दे आधी."

अट त्यांच्यासाठीही होती. ज्याला टॅब जमणार नाही त्याला एक तारखेपासून गेटवर, पहारेकऱ्याच्या खोपीत बसवायचं. मामांची नोकरी सव्वादोन वर्षं उरली होती. "गेटवर बसून मी कुनाचं काय खोलू?" एवढंच ते म्हणाले होते.

तर त्या दिवशी ते दारात उभे, मी खुर्चीत, आणि मागून हर्डीकर साहेब आले. हातात टॅब, कपाळावर घाम. त्यांच्यामागे आमचा इलेक्ट्रिशियन बाळू खवरे. कुठं काही बिघडलं की हा पहिला हजर. दुरुस्तीला नव्हे, बघायला.

"ही ऑर्डर कुणी टाकली?" साहेबांनी विचारलं.

"मी टाकली," मामा म्हणाले.

"माप कसं घेतलंत?"

"खिळ्यावरचं मागल्या खेपेचं सील ठेवून बघितलं की, साहेब."

"कशावर ठेवून?"

मामांनी टॅब मागितला. टेबलावर आडवा ठेवला, माझ्या नाकासमोर. पँटीला दोनदा बोट पुसून त्यांनी सिलाचं चित्र काढलं. त्यावर हातातलं फाटकं सील जुळवून ठेवलं. चित्र लहान होतं. मग मामांनी दोन जाड बोटं काचेवर ठेवली आणि चित्र हळूहळू ताणलं, ताणलं, अगदी जिवापाड काळजीनं, त्याची कड रबराच्या कडेला येऊन भिडेपर्यंत.

"हे बघा," ते म्हणाले. "बसलं का न्हाई?"

बाळू फिसकन हसला. "मामा, असं ताणलं तर माझ्या सायकलीचं चाकबी बसंल की ह्यात!"

"खवरे, तुम्ही बर्फाच्या लाद्या मिळतात का बघा," साहेब म्हणाले. त्यांचंही तोंड हसण्याच्या बेतात आलं होतं, पण बाहेर कॅन आदळला आणि ते फिरलं. "मामा, स्क्रीनवरचं चित्र म्हणजे माप नव्हे! ते कितीही मोठं होतं. हे ताणायचं कुणी शिकवलं तुम्हाला?"

पंखा फिरत होता. माझ्या पाठीवरून घामाची धार खाली गेली.

दोन आठवड्यांपूर्वी याच टेबलावर मामा टॅब डोळ्यांजवळ धरून म्हणाले होते, "दिसत न्हाई वो अक्का." आणि मी मास्तरणीच्या तोऱ्यात म्हटलं होतं, "दिसत नसेल तर दोन बोटांनी ताणायचं. हवं तेवढं होतं."

मामांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"कुनी न्हाई, साहेब," ते म्हणाले. "माजंच डोकं."

मला बोलता आलं असतं. तोंड उघडलंही होतं. त्यातून काय बाहेर पडलं सांगू? "पाणी देऊ का, साहेब?"

साहेबांनी पाणी नाही घेतलं. व्हर्नियर मागवला, फाटकं सील टेबलावर गोल मांडून ते मापलं, बेळगावला फोन लावला. उद्यमबागेतले पाटणेकर शेठ आमचे जुने सीलवाले. फोन मोठ्यानं ऐकू येईल असा ठेवला होता.

"माप नका सांगू साहेब," शेठ म्हणाले. "त्या मापाची माझ्याकडं चाळीस सिलं निघतील. प्रत्येकाचा ओठ वेगळा, काठ वेगळा. नंबर सांगा, आत्ता मोटरसायकलवरून माणूस सोडतो. दीड तासात तुमच्या दारात."

"नंबर नाहीये. पंप जुना आहे, त्याचे कागद सापडत नाहीत."

"मग नमुना घेऊन माणूस पाठवा. बघू जुळवून."

"काढलेलं सील खोटं बोलतंय, साहेब," मामा मध्येच म्हणाले. "फुगलंय त्ये."

"तुम्ही थांबा हो जरा!"

दीड तास जायला, दीड तास यायला. घड्याळात नऊ वाजून पाच मिनिटं. साहेब टॅबवर बोट फिरवत राहिले. सील, सील, सील, सगळी काळी, सगळी गोल, सगळी एकाच मापाची दिसणारी. बाळू परत आला, बर्फ तीनच लाद्या मिळाला म्हणाला. टेम्पोवाले दाराशी जमले. "साहेब, परत न्यायचं का ओतायचं, सांगा तरी," एकजण म्हणाला. "दूध घालणाऱ्या बाया विचारत्यात मागनं. परत नेऊन त्यास्नी काय सांगू?"

मी खुर्चीत चुळबुळ करत होते. गोणपाट टोचत होतं. इतक्या वर्षांत कधी टोचलं नव्हतं. माझ्या खाली, सहाशेच्या पुढच्या कुठल्याशा पानावर, दोन शिंगं होती. मला फक्त उभं राहायचं होतं. आणि उभं राहिलं की ती सही खोटी, लिफाफा परत, पुन्हा रोजंदारी. घरी सासऱ्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांत पेढे वाटून ठेवले होते. आमच्याकडे पेढे आधी, काम नंतर. मी स्वतःला सांगत होते, साहेबांना सापडेल. आत्ता सापडेल. एवढं लाखभर वस्तूंचं यंत्र, त्यात एक सील नसेल?

नऊ वीस.

"ठीक आहे," साहेब शेवटी म्हणाले. आवाज खाली आला होता. "खवरे, नमुना घेऊन तुम्ही बेळगावला निघा. जेवढं दूध जाईल तेवढं जाईल. मामा, तुमच्यावर राग नाही माझा. पण एक तारखेपासून गेटवर. तसं मला लिहावंच लागेल."

मामांनी मान हलवली. "बरं," म्हणाले.

मग त्यांनी एक गोष्ट केली. माझ्या टेबलाच्या कडेवर त्यांनी हत्यारांची थैली सोडली आणि एकेक पाना बाहेर काढून पुसायला लागले. आठचा, दहाचा, बाराचा. पुसून एकाशेजारी एक ओळीनं लावत गेले, लहानाकडून मोठ्याकडे. बदली होऊन जाणारा माणूस चार्ज देताना लावतो तसे. सगळं लावून झाल्यावर त्यांनी खिशातून पेन्सिलीचा तुकडा काढला, बोटभरही नव्हता, आणि तोही ओळीच्या टोकाला ठेवला. पान्यांचं ठीक, ते केंद्राचे होते. पेन्सिल त्यांची स्वतःची.

सकाळी साहेब स्टोअरमध्ये येण्याआधी एकदा ते मला उठा म्हणाले होते. त्यानंतर एकदाही नाही.

मी उठले.

खुर्ची करकरली. सगळ्यांनी बघितलं, कारण मी उभी राहिले तरी फारशी उंच दिसत नाही, पण माझ्यामागे गोणपाटात गुंडाळलेलं ते ठोकळ्यासारखं चांगलंच दिसलं. मी ते टेबलावर, त्या पान्यांशेजारी ठेवलं.

"मामा, म्हशीचं काढा."

मामांना अनुक्रमणिका लागत नव्हती. अंगठ्यानं पानांचा गठ्ठा धरला, सोडला, आणि बाड बरोबर उघडलं. तेलकट डागांचं पान. डावीकडून तिसरं चित्र, आणि त्याच्या शेजारी दोन शिंगं.

"फोन द्या इकडे, साहेब," मी म्हटलं, आणि त्यांनी दिला. मी एकेक अक्षर, एकेक आकडा सावकाश वाचला.

"हां, आता कसं बोललात!" पाटणेकर शेठ ओरडले. "मंदाताई का? सोडला बघा माणूस!"

फोन बंद झाला. साहेबांनी बाडाकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तुम्ही सही दिली होतीत."

"खोटी दिली."

"का?"

"बसायला लागतं म्हणून," मी म्हटलं. बाळू पुन्हा फिसकन हसला. मला हसू आलं नाही. "आणि साहेब, ते ताणायचं मी शिकवलं मामांना. त्यांचं डोकं नाही ते. माझं."

"अक्का, जाऊ दे की," मामा म्हणाले.

"थांबा, मामा. अजून आहे." एकदा उभी राहिलेच होते, तर म्हटलं सगळंच सांगून टाकावं, पुन्हा बसल्यावर जमेल याची खात्री नव्हती. "आठ दिवसांपूर्वी, ऑर्डर टाकायच्या आधी, मामा माझ्याकडे आले होते. म्हणाले, म्हैस गळायला लागली, उठता का जरा. बाड बघायला आले होते, साहेब. मी उठले नाही. टॅब हातात दिला आणि म्हटलं, यात बघा, शिकवलंय ना. ते अर्धा तास इथं उभ्यानं ताणत होते. मी बघत होते. हसत होते मनात."

साहेबांनी टॅब काखेत घेतला. मग "दूध बघू आधी," म्हणून बाहेर गेले.

अकराला दहा मिनिटं कमी असताना मोटरसायकल आली. सव्वाअकराला म्हैस हंबरली. शे-दीडशे कॅनमधले अकरा नासले, बाकी वाचलं. मामांनी ते फाटकं सील खिळ्याला टांगलं, हात धुतले आणि डबा खायला बसले, जसं काही झालंच नव्हतं.

लिफाफा वर गेला तेव्हा त्यात माझं नाव नव्हतं. त्यानंतर चार वर्षांनी झाले मी कायम. तेव्हा सासऱ्यांनी पेढे वाटले नाहीत, म्हणाले, एकदा वाटून झालेत. मामांच्या गेटचा कागद मात्र साहेबांनी लिहिलाच नाही. बाड त्यांनी आपल्या केबिनमध्ये नेलं. रद्दीत घातलं असणार असं मी धरून चालले होते. आठवड्यानं मला आणि मामांना बोलावलं. बाड त्यांच्या टेबलावर उघडं होतं.

"ही चिलीम कशाची?" त्यांनी मामांना विचारलं.

महिनाभर रोज दुपारी आम्ही तिघं बसलो. मामा खूण सांगायचे, मी नंबर वाचायची, साहेब टॅबमध्ये घालायचे. साहेबांनी नीट विचारून विचारून घातलं. आज आमच्या केंद्रात कुणी नवा फिटर टॅबवर 'म्हैस' असं लिहितो आणि बरोबर तेच सील समोर येतं. कुणी काही ताणत नाही.

पण सांगायचं होतं ते हे नव्हे. खुर्चीचं राहिलं.

बाड गेल्यावर माझी हनुवटी पुन्हा टेबलाला टेकली. मी उशी घालून बघितली, लाकडाची फळी घालून बघितली, सगळं घसरायचं. लोक सांगायचे, अक्का भर मेंटेनन्ससमोर उठली, नोकरीची पर्वा केली नाही. मी ऐकून घ्यायची. नऊ पाच ते नऊ वीस मी कुठे होते ते कुणी विचारलं नाही. बघितलं होतं फक्त एकानं, आणि तो पाने पुसत होता.

एका सकाळी स्टोअर उघडलं तर खुर्ची जागेवर नव्हती. दुपारी मामा ती खांद्यावर घेऊन आले. खाली ठेवली. चारही पायांना नळीचे तुकडे वेल्डिंग करून जोडले होते, वर काळा रंग, अजून ओलसर. मी बसून बघितलं. टेबल बरोबर कोपराखाली आलं, पहिल्यासारखं. एक सूतही इकडे-तिकडे नाही.

"माप कसं घेतलंत हो, मामा?"

"बाड हाय की साहेबांच्या टेबलावर. ठेवून बघितलं."

ते वाकून एकेक पाय हलवून बघत होते, डुगडुगतोय का. मग कमरेवर हात ठेवून सरळ झाले.

"जुनी फार खाली हुती," म्हणाले. "आता उठाया सोपं पडंल, अक्का."